थर्मोस्टॅट ३२ दाखवतोय, मग सापाचं पोट का भाजतं?

साप ठेवलेल्या टबखाली मॅट (विजेवर तापणारी चपटी पट्टी) असते आणि तिला चालू-बंद करतो थर्मोस्टॅट. थर्मोस्टॅटवर ३२ दिसतंय, पण टबच्या तळाला हात लावला तर चटका बसतो. आकडा कमी केला की दोन दिवस बरं चालतं, मग टब थंड पडतो. म्हणून आकडा परत वाढवायचा, आणि आठवड्याभरात पुन्हा तीच तक्रार. बॉल पायथन किंवा कॉर्न स्नेक पाळणाऱ्यांकडून सगळ्यात जास्त वेळा ऐकू येणारी अडचण हीच आहे. बहुतेक जण थर्मोस्टॅटला दोष देतात आणि दुसरा विकत आणतात. नवीन थर्मोस्टॅटही थोड्या दिवसांत तसाच वागायला लागतो, कारण मांडणी तीच राहिलेली असते.

थर्मोस्टॅटला साप दिसत नाही आणि टबही दिसत नाही. प्रोबच्या, म्हणजे त्याच्या वायरला लावलेल्या सेन्सरच्या, टोकाशी किती तापमान आहे, एवढंच त्याला कळतं. त्यामुळे कुठलीही तक्रार आली की मी आधी दोन प्रश्न विचारतो. प्रोब नेमका कुठे आहे? आणि प्रोबने किंवा थर्मोस्टॅटने दगा दिला, तर टब तापत जाईल की थंड पडत जाईल? माझ्या मते दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सेटिंगच्या आकड्यापेक्षा महत्त्वाचं आहे. रात्रभर थंड राहिलेला बॉल पायथन सकाळी ऊब मिळाली की बहुतेक वेळा सावरतो. रात्रभर ४५ अंशांवर राहिलेला सावरत नाही.

नेमकं किती तापमान हवं

बॉल पायथन मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. त्याला गरम बाजूला जमिनीवर ३१ ते ३३ अंश सेल्सिअस आणि थंड बाजूला २४ ते २७ अंश लागतात. कॉर्न स्नेक अमेरिकेच्या आग्नेय भागातला. त्याला थोडं कमी चालतं: गरम बाजूला २९ ते ३१, थंड बाजूला २२ ते २५. परदेशी माहितीत आकडे फॅरनहाइटमध्ये असतात. तिथलं ९० म्हणजे आपलं साधारण ३२. दोन्ही बाजूंना लपायची जागा हवीच. ती नसेल तर साप लपण्यासाठी चुकीच्या तापमानात बसून राहतो आणि तापमानाचा सगळा हिशेब वाया जातो.

इथलं सगळं परदेशी जातींबद्दल आहे. नाग, धामण, आपला अजगर यांना घरात ठेवणं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार गुन्हा आहे. बॉल पायथन साइटिसच्या (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या) परिशिष्ट २ मध्ये येतो, म्हणून २०२४ च्या नियमांप्रमाणे त्याची केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. ती केली नसेल तर आधी ते काम करा.

हात लावण्याआधी

तळ गरम लागतोय असा संशय आला की पहिल्यांदा हीटरचा प्लग काढा. मग सापाला हवेची भोकं असलेल्या, झाकण घट्ट बसणाऱ्या दुसऱ्या डब्यात टिश्यू पेपरवर ठेवा. साप आत असताना सेटिंगशी खेळत बसू नका.

मोजण्यासाठी थर्मोस्टॅटवरचा आकडा धरू नका. काचेला चिकटवायचे गोल काट्याचे थर्मामीटर तर फेकूनच द्या, ते काचेचं तापमान दाखवतात आणि तेही अंदाजाने. दोन गोष्टी घ्या. एक, कमाल-किमान लक्षात ठेवणारा वायरवाला डिजिटल थर्मामीटर. दोन, इन्फ्रारेड गन. गन फक्त समोरच्या पृष्ठभागाचं तापमान सांगते. काचेतून आतलं मोजायला गेलात तर ती काचेचंच सांगेल, आणि चकचकीत ॲल्युमिनियम टेपवर रोखलीत तर भलताच आकडा दाखवेल. टेपवर मोजायचं असेल तर तिथे साध्या कागदी मास्किंग टेपचा तुकडा चिकटवून त्यावर गन रोखा.

थर्मोस्टॅटचा प्रोब खरं बोलतो का, हे घरच्या घरी तपासता येतं. कपात कोमट पाणी घ्या, साधारण ३७ अंशांचं. त्यात ताप मोजायचा डिजिटल थर्मामीटर आणि प्रोब एकमेकांना खेटून धरा, पाणी ढवळत राहा आणि थर्मामीटरची बीप वाजली त्याच क्षणी दोन्ही आकडे लिहून घ्या. तापाचा थर्मामीटर या पट्ट्यात चांगला अचूक असतो आणि आपल्याला लागणारं तापमानही याच्या जवळचंच आहे. एसटीसी-१००० हा स्वस्तातला थर्मोस्टॅट वापरत असाल तर फरक एफ-४ या सेटिंगमध्ये टाकून दुरुस्त करता येतो. फरक दोन-तीन अंशांहून जास्त असेल किंवा दर वेळी बदलत असेल, तर दुरुस्त करत बसू नका. प्रोब बदला. ओल शिरलेला प्रोब आज एक सांगतो, उद्या दुसरं.

वरून थंड, खालून जळतं

सगळ्यात जास्त साप इथे भाजतात, म्हणून हे जरा सविस्तर सांगतो.

मॅट टबखाली आहे. आत चार-पाच बोटं जाड कोको पीट किंवा लाकडाचा भुसा आहे. प्रोब त्या थराच्या वर ठेवलाय, कारण साप तिथेच बसतो असं आपल्याला वाटतं. कोको पीट आणि भुसा उष्णता सहजासहजी वर जाऊ देत नाहीत. वरच्या प्रोबला ३२ हवेत, ते मिळेपर्यंत थर्मोस्टॅट मॅट चालूच ठेवतो. वर ३२ होईपर्यंत खाली प्लास्टिक किंवा काच ४५ च्या पुढे गेलेली असते. आता बॉल पायथनचा स्वभाव आठवा. त्याला भुशात घुसून तळाशी चिकटून बसायला आवडतं. तो खणत खाली जातो आणि थेट त्या तापलेल्या पृष्ठभागावर वेटोळं घालतो. हवा थंड असेल तर अंगात ऊब भरण्यासाठी तो तिथून हलतही नाही, पोटाची कातडी भाजत असली तरी. भाजणारा साप आपणहून बाजूला सरकेल या भरवशावर राहू नका.

यावर उपाय असा. प्रोब टबच्या बाहेर, मॅट आणि टबचा तळ यांच्या मध्ये ठेवा, मॅटच्या मधोमध. म्हणजे सापाला मिळू शकणारी सगळ्यात गरम जागा थर्मोस्टॅटच्या ताब्यात येते. मग भुसा हलवून आत, तळावर गनने मोजा. बॉल पायथनसाठी तिथे ३३ पेक्षा जास्त येता कामा नये. प्लास्टिकच्या जाडीमुळे बाहेरच्या प्रोबचा आकडा आणि आतलं तापमान यांत एक-दोन अंशांचा फरक पडेल. तो एकदा मोजून घ्या आणि त्याप्रमाणे सेटिंग ठेवा. थर्मोस्टॅटवर ३४ दिसत असेल आणि आत ३२ असेल तर ठीक आहे. आतला आकडा खरा धरायचा.

गरम बाजूचा थर पातळ ठेवा, बोटभर पुरे. दमटपणासाठी जाड थर हवा असेल तर तो थंड बाजूला द्या. जाड थर सगळीकडेच हवा असेल तर खालून गरम करायचा विचार सोडा आणि वरून उष्णता द्या. या दोन गोष्टी एकत्र नांदत नाहीत.

मॅट आतमध्ये, सापाच्या अंगाखाली कधीच ठेवू नका. प्लायवूडच्या बॉक्सखालीही मॅट लावू नका. लाकडातून उष्णता वर जात नाही, मॅटमध्येच कोंडत राहते, आणि मग प्रश्न सापापुरता राहत नाही, घराला आग लागायची भीती असते. काचेची टाकी असेल तर तिच्या चारही कोपऱ्यांखाली रबरी पाय द्या, म्हणजे खालून हवा खेळेल. कंबर शेकायची पॅड लोक सर्रास वापरतात. ती माणसाने थोडा वेळ, जागं असताना वापरायची वस्तू आहे, दिवसरात्र चालवायची नाही. आतून तापणारे कृत्रिम दगड तर घरात आणूच नका.

प्रोब सरकला

प्रोब टबच्या आत ठेवला असेल तर तो आज ना उद्या हलणारच. सापाचं अंग नुसतं स्नायूंचं असतं. सेलोटेप तो एका रात्रीत उपटतो, आणि उपटलेल्या टेपला साप चिकटून कातडी फाटण्याचे प्रकारही होतात. म्हणून टबच्या आत कुठलीही चिकटपट्टी नको.

प्रोब मॅटपासून दूर गेला की काय होतं ते नीट समजून घ्या. प्रोबला आता खोलीची हवा लागते, समजा २२ अंश. थर्मोस्टॅटला वाटतं टब थंड पडला. तो मॅट सुरू करतो आणि बंद करतच नाही, कारण ऊब प्रोबपर्यंत पोहोचतच नाही. पडद्यावर तेच २२ दिसत राहतं आणि तुम्हाला वाटतं, मॅट बिघडली. अशा वेळी सेटिंग वाढवणं म्हणजे जाळ वाढवणं. आकडा खाली अडकलेला दिसला तर सेटिंगला हात न लावता आधी प्रोब शोधा. सापाने प्रोबवर घाण केली, पाण्याचं भांडं त्याच्यावर सांडलं, किंवा साफसफाई करताना टब उचलला आणि बाहेरचा प्रोब खाली लोंबत राहिला, तरी हेच होतं. यातलं शेवटचं कारण फार वेळा सापडतं. त्यामुळे टब धुऊन परत ठेवल्यावर प्रोब जागेवर आहे ना हे हाताने चाचपून बघायची सवय लावा. मी बाहेरचा प्रोब मॅटवरच ॲल्युमिनियम टेपने पक्का करतो, टबला चिकटवत नाही. टब उचलला तरी प्रोब मॅटबरोबरच राहतो.

गरम झालं तरी हीटर चालूच

पडद्यावर ३८ आहे, सेटिंग ३२ आहे, तरी मॅट तापतेच आहे. याची दोन कारणं असतात.

पहिलं जोडणीचं. एसटीसी-१००० ला दोन वेगळे आउटपुट असतात, एक हीटिंगचा आणि एक कूलिंगचा. मॅट चुकून कूलिंगच्या टर्मिनलला जोडली असेल तर तापमान वाढलं की मॅट चालू होते आणि कमी झालं की बंद. काही छोट्या मॉड्यूलमध्ये हीट किंवा कूल हा मोड निवडावा लागतो, तिथेही हाच घोटाळा होतो. नवीन बसवलेला थर्मोस्टॅट असा उलटा वागत असेल तर आधी हे तपासा.

दुसरं कारण जास्त गंभीर. या स्वस्त थर्मोस्टॅटमध्ये आत रिले, म्हणजे वीज जोडणारा-तोडणारा स्विच, असतो. दिवसातून कितीतरी वेळा तो टक-टक करत चालू-बंद होतो आणि दर वेळी त्याच्या संपर्कबिंदूंवर बारीक ठिणगी पडते. वापरून वापरून ते बिंदू एके दिवशी एकमेकांना चिकटतात. थर्मोस्टॅट 'बंद' म्हणतो, दिवाही विझतो, पण वीज जातच राहते. असा थर्मोस्टॅट टपली मारल्यावर सुटलाच तरी पुन्हा वापरू नका.

हा बिघाड आधी कळत नाही. म्हणून तो होणारच असं धरून मांडणी करायची. त्यासाठी दोन गोष्टी पुरतात.

एक, मॅट लहान घ्या. तळाचा एक-तृतीयांश भाग व्यापेल एवढीच, आणि कमी वॅटची. साप बाहेर असताना, तुम्ही समोर बसून, मॅट थेट प्लगला लावा, थर्मोस्टॅटशिवाय. दोन-तीन तासांनी आत तळावर मोजा. आकडा ४० च्या फार पुढे गेला तर ती मॅट तुमच्या टबसाठी मोठी आहे. लहान मॅट घ्या, किंवा मध्ये बल्बचा डिमर टाकून तिची धार कमी करा. पंख्याचा टप्प्याटप्प्याचा रेग्युलेटर यासाठी वापरू नका. तो पंख्याच्या लोडसाठी असतो, मॅटवर कसा वागेल याचा नेम नाही. थर्मोस्टॅट नसतानाही टब साधारण ३६-३७ वर थांबतो अशी मांडणी जमली, तर रिले चिकटला तरी साप वाचायला वेळ मिळतो.

दोन, पहिल्या थर्मोस्टॅटच्या आधी दुसरा थर्मोस्टॅट ओळीत जोडा. भिंतीतून वीज आधी दुसऱ्याला, त्याच्यातून पहिल्याला, मग मॅटला. पहिल्यावर ३२ ठेवलंत तर दुसऱ्यावर ३५. दुसऱ्याचा प्रोबही मॅटवरच, पण स्वतंत्र टेपने, पहिल्यापासून थोडा लांब. रोजचं काम पहिला करतो. दुसरा एरवी चालूच राहतो, त्यामुळे त्याचा रिले झिजत नाही. पहिला अडकला की दुसरा वीज तोडतो. साधे थर्मोस्टॅट अलीकडे इतके स्वस्त झालेत की दुसऱ्याचा खर्च डॉक्टरांच्या एका फेरीपेक्षा कमी पडावा.

ही जोडणी खरंच काम करते का, हे महिन्यातून एकदा बघा. साप बाहेर काढा, पहिल्या थर्मोस्टॅटचा प्रोब मॅटवरून सोडवून गार पाण्याच्या पेल्यात टाका आणि समोर थांबा. पहिला मॅट चालूच ठेवेल. दुसरा ३५ ला वीज तोडतो की नाही ते बघा. तोडली तर प्रोब पुसून जागेवर लावा. नाही तोडली तर आजच कळलं हे बरं झालं.

एसटीसी-१००० हे उघडं पॅनेल आहे. मागचे स्क्रू २३० व्होल्टचे असतात. ते बंद डब्यात बसवा, एक-दोन ॲम्पिअरचा फ्यूज द्या आणि जोडणी जमत नसेल तर वायरमनकडून करून घ्या. घरात ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) नसेल तर या निमित्ताने बसवा, कारण इथे पाण्याचं भांडं आणि वीज रोज शेजारी-शेजारी असतात. वायर टबकडे जाताना मध्ये खाली झोळ राहू द्या, म्हणजे ओघळलेलं पाणी प्लगपर्यंत जाणार नाही.

तापमान सारखं वर-खाली

कधी २८, कधी ३६, दिवसभर हेलकावे. यामागे बहुतेक वेळा प्रोब मॅटपासून दूर असतो किंवा मॅट फार मोठी असते. वरच्या उपायांनी ते थांबतं. एसटीसी-१००० वर एफ-२ म्हणजे किती अंशांनी उतरल्यावर पुन्हा चालू व्हायचं तो फरक. तो ०.५ किंवा १ ठेवा, ३ नको. वरून उष्णता देणारा सिरॅमिक हीटर किंवा हॅलोजन दिवा वापरत असाल तर चालू-बंद थर्मोस्टॅट सोडून द्या. हॅलोजनला डिमिंग (वीज हळूहळू कमी-जास्त करणारा) थर्मोस्टॅटच हवा, नाहीतर दिवा दिवसभर लुकलुकतो आणि लवकर उडतो. सिरॅमिकला पल्स (वीज छोट्या-छोट्या झटक्यांनी देणारा) किंवा डिमिंग चालतो.

'अमेरिकेहून मॅट मागवली, ती फार तापते'

हा प्रश्न आपल्याकडे खास वाढलाय, कारण प्रत्येकाचं कुणीतरी न्यू जर्सीत किंवा टोरंटोत असतं आणि येताना सामान घेऊन येतं. तिथली मॅट १२० व्होल्टची, आपल्याकडे वीज २३० ची. व्होल्टेज दुप्पट झालं की मॅटची शक्ती दुप्पट होत नाही, चौपट होते. हिशेब करा: १६ वॅटची अमेरिकन मॅट आपल्या प्लगमध्ये जवळपास ५९ वॅट ओढते. ती थर्मोस्टॅटवर चालते असं वाटतं खरं, पण रिले चिकटला त्या दिवशी टबमध्ये निखारा ठेवल्यासारखं होईल. नुसता पिनचा ॲडॉप्टर व्होल्टेज कमी करत नाही. मॅटच्या मागे २२०-२४० व्होल्ट लिहिलेलं नसेल तर ती वापरू नका. आणायचंच असेल तर इन्फ्रारेड गन आणायला सांगा, ती सेलवर चालते.

भारतीय मॅटबाबतही व्होल्टेज लक्षात ठेवा. बऱ्याच भागांत रात्री उशिरा, शेजारपाजारचं सगळं बंद झालं की, व्होल्टेज २५० च्या आसपास चढतं. तेव्हा तीच मॅट साधारण १८ टक्के जास्त तापते. दिवसा मोजून सगळं ठीक वाटतं आणि पहाटे भाजतं, त्यामागे कधी कधी हे असतं. कमाल-किमान थर्मामीटर घ्या म्हणतो ते यासाठीच.

पुण्या-नाशिकची थंडी

डिसेंबर-जानेवारीत पुण्यात पहाटे १० अंशांच्या आसपास जातं, नाशिकला त्याहूनही खाली. मॅट जमीन तापवते, हवा नाही. तळ ३२ आणि हवा १८, अशात साप मॅटला चिकटून बसतो. खाल्लेला उंदीर ओकतो, नाकातोंडातून बुडबुडे येतात, तोंड उघडं ठेवून श्वास घेतो. शेवटची दोन लक्षणं दिसली तर ते फुप्फुसाचं दुखणं असू शकतं, डॉक्टरांकडे न्या. मॅट वाढवून हवा गरम होणार नाही. मॅट आहे तिथेच ठेवा आणि हवेसाठी वेगळा बंदोबस्त करा. प्लास्टिकच्या टबांना आधी तीन बाजूंनी थर्माकोल लावून बघा, हवेची भोकं मोकळी ठेवून. पुष्कळदा तेवढ्याने भागतं. टब जमिनीवरून उचलून फळीवर ठेवा, आतल्या भिंतीकडे.

त्यानेही न भागल्यास लाकडी बॉक्समध्ये सिरॅमिक हीटर, चिनीमातीच्या होल्डरमध्ये आणि भोवती जाळीचा पिंजरा. प्लास्टिकचा होल्डर वितळतो. सिरॅमिक हीटरला उजेड नसतो, त्यामुळे तो चालू आहे हे दिसत नाही, आणि त्याचं अंग हात लावता येणार नाही इतकं तापतं. जाळी सापाला हीटरपर्यंत पोहोचू न देण्याइतकी लांब हवी, कारण तो तिच्यावर चढून बसतोच. कोंबड्यांच्या पिल्लांसाठी मिळणारा २५० वॅटचा लाल बल्ब इथे आणू नका. तो मोकळ्या खोलीसाठी असतो. सिरॅमिकने हवा कोरडी पडते, कात तुकड्या-तुकड्याने निघते. थंड बाजूच्या लपायच्या जागेत ओलं मॉस ठेवलंत की ती अडचण सुटते.

लाइट गेल्यावर

काही तासांसाठी लाइट गेली तर टब जाड चादरीत गुंडाळा आणि झाकण उघडत बसू नका. थंडीत रात्रभराचा प्रश्न असेल तर कोमट पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून टबच्या बाहेर, एका बाजूला टेकवा. इन्व्हर्टरवर चालवत असाल तर मॅट आणि रिलेचा थर्मोस्टॅट साध्या इन्व्हर्टरवर चालतात. डिमिंग थर्मोस्टॅटला मात्र साइन वेव्ह लागते, चौकोनी लाटेच्या जुन्या इन्व्हर्टरवर तो भरकटतो. नुकतंच खाल्लेल्या सापाकडे जास्त लक्ष द्या. पुढचं खाणं मात्र तापमान दोन दिवस स्थिर राहिल्याशिवाय देऊ नका.

भाजलं असेल तर

कात टाकायच्या आधी बॉल पायथनचं पोट गुलाबी दिसतं, तेव्हा डोळे दुधाळ होतात आणि अंगभर निस्तेजपणा येतो. भाजलेल्याचा लाल किंवा तपकिरी पट्टा एखाद्या भागापुरता असतो, खवले सुजलेले किंवा पाणी भरलेले दिसतात. हीटर काढा, साध्या गार नळाच्या पाण्याने तो भाग हलक्या हाताने थंड करा. बर्फ नको. हळद, तेल, टूथपेस्ट, माणसांचं बर्नॉल, काहीही लावू नका. भुसा काढून टाका, पांढरा टिश्यू अंथरा आणि परदेशी प्राणी बघणाऱ्या पशुवैद्यांकडे त्याच दिवशी जा. वरून किरकोळ दिसणारी जखम आत खोल असू शकते, आणि सापाच्या जखमा भरायला महिने लागतात, दर कातीबरोबर थोड्या-थोड्या. जाताना मॅटचा, प्रोबचा आणि टबच्या मांडणीचा फोटो घेऊन जा.

मार्च उजाडला की

विदर्भात आणि मराठवाड्यात, आणि एप्रिल-मेमध्ये पुण्यातही, प्रश्न उलटा होतो. खोलीच ३८ झाली की थर्मोस्टॅटने मॅट बंद करून काही उपयोग नाही, टबमध्ये थंड बाजूच उरत नाही. बॉल पायथन सलग ३५ च्या वर राहिला की धोक्यात येतो. तो झाकणाला नाक घासत फिरतो, पाण्यात पडून राहतो, तोंड उघडतो. खोली दुपारी ३२ च्या वर जायला लागली की दिवसा मॅटचा प्लगच काढून ठेवा, थर्मोस्टॅटच्या भरवशावर लावून ठेवू नका. टब घरातल्या सगळ्यात थंड खोलीत, जमिनीवर, फरशीला टेकून ठेवा. वरच्या मजल्यावर गच्चीखालची खोली असेल तर तिथून हलवाच. गोठवलेली पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून झाकणावर एका बाजूला ठेवली की काही तास थंड कोपरा मिळतो. कूलर खोलीत चालवायला हरकत नाही, पण त्याचा झोत टबवर नको. एसी असेल तर २७ वर ठेवा. भर उन्हाच्या आठवड्यात सापाला गाडीतून कुठे नेऊ नका, बंद गाडी दहा मिनिटांत भट्टी होते.

नोव्हेंबरमध्ये मॅट परत काढाल तेव्हा ती सरळ प्लगला लावून साप आत सोडू नका. मॅटला घडी किंवा काळा डाग पडलाय का बघा. पडला असेल तर ती टाकून द्या. मग प्रोब कोमट पाण्यात तपासा, दुसऱ्या थर्मोस्टॅटची पेल्यातली चाचणी घ्या, आणि रिकामा टब एक पूर्ण रात्र चालवून सकाळी कमाल आकडा वाचा. तो ३३ च्या आत असेल तर साप आत ठेवा.